तारीख लिहिलेली माती

माझ्या कपाटाच्या वरच्या खणात सध्या पाच-सहा डझन मासे आहेत. टाकी नाही, पाणी नाही, खाणं घालायची कटकट नाही. आहेत त्या झिपच्या दोन पिशव्या. प्रत्येकीत मूठभर तपकिरी भुसा, वर मार्करने माशाचं नाव आणि तारीख. आईने पहिल्यांदा पिशवी पाहिली तेव्हा ती चहाचा चोथा समजून कुंडीत रिकामी करायला निघाली होती. “अगं आई, त्यात मासे आहेत!” मी ओरडले. तिने पिशवी उजेडाकडे धरली, उलटसुलट करून पाहिली आणि मग बराच वेळ माझ्याकडे पाहिलं.

या माशांचं नाव किलीफिश. ते ऐकून लोकांना वाटतं, हा मासा बाकीच्यांना मारून टाकत असणार. नाव बहुधा डच भाषेतल्या ‘किल’वरून आलंय, किल म्हणजे ओढा, ओहोळ. म्हणजे हे ओहोळ-डबक्यातले मासे. नर नराशी भांडतो, ते वेगळं.

माझी सुरुवात मात्र पिशवीपासून झाली नाही, आणि नवख्याने तिथून करूही नये. मी आधी गार्डनेरी आणले. नायजेरिया-कॅमेरूनकडचा, निळसर अंगावर लाल ठिपक्यांचा, समजूतदार मासा. वीस लिटरची टाकी, हळू बुडबुडे सोडणारा स्पंज फिल्टर, भरपूर जावा मॉस, म्हणजे पाण्यात वाढणारं शेवाळ, मंद उजेड. एक नर आणि दोन माद्या, कारण नराचा पाठलाग अखंड चालतो आणि तो दोघींत वाटला गेलेला बरा. यात अवघड काहीच नाही. अवघड आहे ते झाकण. किलीफिश उडी मारतात हे मी वाचलं होतं, झाकण घातलंही होतं. पण फिल्टरची नळी जाते तिथे दोन बोटांची फट राहिली होती. तिसऱ्या दिवशी नर टेबलामागे सापडला, वाळक्या पानासारखा. आता माझ्याकडच्या प्रत्येक फटीत स्पंजचा बोळा असतो.

अंड्यांसाठी मॉप लागतो. म्हणजे मावशीच्या विणकामातून उरलेला हिरवा अॅक्रिलिकचा धागा पुस्तकाभोवती गुंडाळायचा, एका टोकाला गाठ मारायची, दुसरं टोक कापायचं, रंग सुटू नये म्हणून उकळून घ्यायचं आणि बुचाला बांधून पाण्यात सोडायचं. खरी लोकर नको, ती कुजते. दर दोन-तीन दिवसांनी मॉप बाहेर काढून पिळायचा आणि खिडकीपाशी एकेक धागा बाजूला करत बसायचं. केस विंचरून उवा शोधाव्यात तसं हे काम आहे आणि तेवढंच चटक लावणारं. मोहरीएवढं, काचेसारखं स्वच्छ अंडं हाताला लागतं. पहिलं चिमटीत धरताना माझी बोटं थरथरत होती. पण कवच चांगलं टणक असतं, सहजी फुटत नाही. पांढरं पडलेलं मात्र लगेच काढून टाकावं, नाहीतर त्यावर कापसासारखी बुरशी धरते आणि शेजारच्यांनाही घेऊन जाते. उरलेली उथळ डबीत ठेवायची. दोन-तीन आठवड्यांत आत दोन काळे डोळे दिसू लागतात, सोनेरी कडीचे. मग आपण भिंग लावून अंड्याकडे बघतो आणि अंडं आपल्याकडे.

इथवर हा छंद होता. नोथोब्रँकियस हे दुसऱ्या प्रकारचे किली आणल्यावर ते पंचांग झालं.

हे मासे आफ्रिकेच्या पूर्व आणि आग्नेय भागातल्या पावसाळी डबक्यांत राहतात. डबकं भरतं, काही महिन्यांत आटतं. मोठे मासे मरतात, अंडी चिखलात उरतात आणि पुढच्या पावसाची वाट बघतात. त्यातला फुर्झेरी १९६८ साली झिंबाब्वेच्या गोनारेझूमध्ये सापडला. निसर्गात तो अंड्यातून बाहेर आल्यापासून अवघ्या १४ दिवसांत वयात येऊ शकतो, असं २०१८मध्ये मोझांबिकच्या डबक्यांतल्या अभ्यासातून समोर आलं. तो म्हातारपणही तितक्याच घाईने उरकतो, म्हणून वार्धक्यावर संशोधन करणाऱ्यांचा तो लाडका. टाकीपुढे बसून मला ते दिसलं: पाच महिन्यांपूर्वी शेपटी पेटवून मिरवणारा नर पाठीत वाकला, रंग उडाला, खाण्याकडे उशिरा वळू लागला.

त्याआधी त्याने आपलं काम केलेलं होतं. टाकीत उकळून गार केलेल्या पीट मॉसचं, म्हणजे वाळक्या शेवाळाच्या त्या तपकिरी भुशाचं, भांडं ठेवलं की जोडी त्यात घुसते, अंगाला अंग लावून थरथरते आणि अंडं आत जातं. पंधरा दिवसांनी ते पीट जाळीत घेऊन पिळायचं. किती? मुठीत दाबलं तर थेंब पडू नये, पण हाताला ओल लागावी. हे कुठलं मोजमाप सांगत नाही, मुठीलाच शिकावं लागतं. मग पिशवी, नाव, मूळ डबक्याचं ठिकाण आणि तारीख. ठिकाण एवढ्यासाठी, की वेगवेगळ्या ठिकाणच्या माशांचा संकर करायचा नाही, असा किलीवाल्यांचा दंडक आहे. अशा पिशव्या पाकिटात घालून टपालाने जातात. पोस्टमन मासे पोचवतो आणि त्याला पत्ताही नसतो.

पिशवी जातीनुसार आणि उबेनुसार कधी दीड-दोन महिने ठेवायची, कधी चार-सहा. मी पहिल्यांदा पंधरा दिवस आधीच पिशवी फोडली. पिल्लं निघाली, पण पोटातली हवेची पिशवी न भरल्यामुळे तळाशीच फरपटत राहिली. एकही जगलं नाही. तेव्हापासून भिंगाखाली डोळ्यांची सोनेरी कडी दिसेपर्यंत मी पाण्याला हात लावत नाही. आदल्या दिवशी मिठाच्या पाण्यात आर्टेमिया, म्हणजे कोळंबीसारख्या इवल्या जिवांची अंडी, लावून ठेवायचा, कारण पिल्लांना जन्मताच भूक असते आणि आर्टेमिया उबायला दिवसभर घेतो. मग पसरट ट्रेमध्ये पीट पसरून वर चार बोटं गार पाणी. पाऊस गारच असतो ना.

परवा ओतलं. तासाभरात भुशातून पापणीच्या केसाएवढं काहीतरी निसटलं. आई चष्मा लावून वाकली. संध्याकाळपर्यंत तिने अकरा मोजले, मी नऊ.

पण अंडी पन्नासच्या वर होती. बाकीची अडून बसली होती, मेलेली नव्हती. वाढ मध्येच थांबवून ठेवायची सोय या अंड्यांत असते आणि ती सगळी एकदम जागी होत नाहीत. पहिलं पाणी वळवाचं निघालं आणि डबकं आठ दिवसांत पुन्हा आटलं, तर बाहेर आलेले सगळे जातील. म्हणून काहींनी विश्वासच ठेवायचा नाही.

पिल्लं चमच्याने वेगळी केली, पीट गाळलं, कागदावर पसरून बेताचं सुकवलं आणि पुन्हा त्याच पिशवीत भरलं.

“परत कधी ओतायचं?” आईने विचारलं.

“महिन्याभराने बघू.”

तिने मार्कर पुढे केला. जुन्या तारखेखाली जागा उरली नव्हती, म्हणून नवी कडेला उभी लिहिली.