सुकटीच्या वासाचा चेंडू

वेंगुर्ल्याजवळ माझा जनावरांचा दवाखाना आहे. पावसाळ्याच्या शेवटी कुत्री येतात ती बहुधा गोचिडांच्या तक्रारी घेऊन. त्यामुळे आजीबाई "डॉक्टरानू, ह्येका दिसणा नाय" म्हणाल्या तेव्हा माझं डोकं सरळ गोचीडतापाकडे गेलं. त्या तापात डोळ्यात रक्त उतरू शकतं. आजींकडे पुरावाही होता: चेंडू समोर पडलेला असतो आणि वाघ्या नाक जमिनीला लावून तो शोधत बसतो.

सोबत सात-आठ वर्षांची नात, हातात पिशवी. खोलीत सुकटीचा वास भरला. आपल्याकडे कोणाच्या पिशवीत सुकट नसते?

डोळ्यावर हात उगारताना तळवा आणायचा नाही, एकच बोट, तेही हळू. वारा लागला की आंधळं कुत्रंही पापणी मिटतं. हे भान न ठेवता 'दिसतंय' लिहून मोकळे होणारे कमी नाहीत. मग कापसाचा बोळा वरून सोडला. तो पडताना आवाज होत नाही. वाघ्याने तिन्ही वेळा मान खाली नेत तो जमिनीपर्यंत पाहिला. दिवे घालवून वाटेत स्टुलं ठेवली, एकाला धडकला नाही. तरी मी हट्टाने कानाच्या टोकातून रक्त घेतलं, काच रंगवली, सूक्ष्मदर्शकाखाली वीस मिनिटं डोळे फोडले. काही नाही.

"आजये, तेका पिवळो चेंडू दिसता. लाल दिसणा नाय."

"गप ऱ्हव तू!"

माझा हात थांबला. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या, कुत्र्याच्या दोनच. निळा आणि पिवळा त्याला नीट कळतात. लाल नि हिरवा दोन्ही मळकट पिवळसर. चतुर्थीच्या आधीचं अंगण, त्यात वाढलेलं गवत, त्यात लाल चेंडू. परळच्या कॉलेजात हे मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं.

"मग तू काय केलंस?" मी विचारलं. तिने पिशवी उघडली.

"म्हणान मी तो रातभर सुकटीच्या डब्यात ठेवलंय. आता वासान गावता तेका."

म्हणजे आजींचा पुरावा या पोरीनेच तयार केलेला. अर्धा तास ती पिशवी धरून उभी होती. मी आजींना विचारलं, वाघ्याला तपासलं, रक्ताला विचारलं.

आजी डब्यातल्या सुकटीवरून तिला ओरडत होत्या. रक्त तपासणीचे पैसे घ्यावेत की नाही, यावर मी जरा अडलो. घेतले.