एसीच्या खोलीतली खाज

आमच्याकडे गावातून कागद येतो तो बहुतेक एकाच मागणीचा. 'डासांचा उपद्रव वाढला असून धूरफवारणी करण्यात यावी.' मे महिन्यात विट्याच्या बाजूच्या एका गावातून आलेलं पत्रही तसंच होतं. फक्त खाली पेनानं एक ओळ वाढवलेली: 'एकाच घरातील सर्वांना अंगभर पुरळ आले आहे.' एकाच घरातील? डासाला भाऊकीची वाटणी कळत नाही. तो भिंतीच्या अलीकडं चावतो तसा पलीकडंही चावतो.

मी आरोग्य खात्यात कीटक समाहारक आहे. असं पद असतं हे आमच्या पाहुण्यांनासुद्धा पटत नाही. ते 'मलेरियावाला' म्हणतात आणि मीही तेच सांगून मोकळा होतो. पहाटे गोठ्यात जायचं, बॅटरीच्या उजेडात भिंतीवर, दावणीखाली बसलेले डास काचेच्या नळीत तोंडानं ओढून पकडायचे. नळीत जाळीचा तुकडा असतो म्हणून डास घशात जात नाही, गोठ्यातली धूळ मात्र जाते. एका माणसानं तासाभरात किती डास पकडले त्यावर गावाची घनता निघते. बूड वर करून तिरका बसला तर ॲनाफिलीस, भिंतीला समांतर बसला तर क्युलेक्स, काळ्या अंगापायांवर पांढरे पट्टे दिसले तर एडीस. पाण्यातल्या अळीचंही तसंच. पाण्याच्या पृष्ठभागाला आडवी चिकटून राहते ती ॲनाफिलीसची, डोकं खाली करून लटकते ती बाकीच्यांची. हे मला झोपेतून उठवून विचारा. पण चावणारा प्राणी डास नसला की तो आमच्या खात्याचा नाही, पशुसंवर्धनचा नाही आणि कृषीचाही नाही. तो कुणाचाच नसतो.

गावात पोचलो तेव्हा साडेअकरा वाजलेले आणि धूर चालू. ग्रामपंचायतीनं स्वतःची मशीन घेतलेली होती. पत्र पाठवलेलं होतंच, पण दम निघाला नाही. भर उन्हात एक पोरगा मशीन खांद्याला अडकवून गल्लीतून पळतोय, मागं लहान पोरांची वरात, आणि धूर सरळ आभाळात. तापलेल्या जमिनीवरची हवा वर चढते, तिच्याबरोबर औषधही जातं. धूर करायचा तर दिवस मावळताना किंवा उजाडताना, हवा गार आणि पडलेली असताना, म्हणजे तो जमिनीलगत रेंगाळतो. तेव्हाही तो मारतो फक्त उडणारा डास. बॅरलमधल्या अळीला त्याचा पत्ताही नसतो, ती पुढच्या चार दिवसांत पंख काढून बाहेर येते. त्यात लोक धूर आला की दारं-खिडक्या गच्च लावून घेतात, आणि एडीस असतो आत, पलंगाखाली नाहीतर टांगलेल्या कपड्यांत. हे सगळं मी ग्रामसभेत बोललेलो आहे. पण धूर दिसतो. बॅरल घासून कोरडं केलेलं दिसत नाही, त्याचा फोटोही चांगला येत नाही.

घर गलाईवाल्यांचं होतं. खानापूर-आटपाडीकडची माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी देशभर पसरलेली आहेत, गावाकडं बंगले बांधतात आणि जत्रा नाहीतर लगीन असलं की येतात. हे कुटुंब कोइमतूरचं. घरात लग्न होतं, म्हणून सगळी एकदम उतरलेली. दुमजली बंगला, जिन्याला स्टीलचे कठडे, दर्शनी भिंतीला ग्रॅनाईट. वर्षातले अकरा महिने कुलूप.

आधी माझं काम केलं. टाक्या, बॅरल, कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजमागचा पाण्याचा ट्रे, सगळीकडं बॅटरी मारली. नळाला रोज पाणी नाही, त्यामुळं साठा सगळीकडं. शेजारच्या घरात रांजणात एडीसच्या अळ्या मिळाल्या. ह्या घरात मात्र सगळी भांडी नुकतीच धुऊन भरलेली, एक अळी नाही. म्हणजे शेजाऱ्याच्या घरात डास आणि फोड ह्यांच्या अंगावर.

मग मी माणसांकडं वळलो. मी डॉक्टर नाही, पण कुठं चावलंय हे बघायला डॉक्टर लागत नाही. डास उघड्या अंगावर चावतो, एकेकटी गांधी उठते आणि तासा-दोन तासांत बरीचशी बसते. ढेकूण चावला तर सकाळी उठल्यावर हातावर, मानेवर ओळीनं टिंबं दिसतात. पिसू घोट्याला आणि पिंढरीला चावते, आणि घरात कुत्रं-मांजर असतं. खरूज बोटांच्या बेचक्यात, मनगटाला, बेंबीभोवती बसते. ह्यांच्या अंगावर बारीक लाल पुरळ होतं, टाचणी टोचल्यासारखं, आणि तेही कमरेला, काखेजवळ, बनियनच्या आत. बेचक्या स्वच्छ. कुत्रं नाही.

लग्नघर म्हटल्यावर उपाय करणाऱ्यांची कमी नव्हती. एका डॉक्टरांनी खरूज म्हणून मानेपासून तळव्यापर्यंत लावायचं मलम दिलेलं. रात्रभर ठेवून सकाळी आंघोळ, आठवड्यानं पुन्हा, सगळ्यांनी एकदम. ते त्यांनी शिस्तीत केलेलं. दुसऱ्यांनी घामोळं म्हणून पावडर दिलेली. मेडिकलवाल्यानं स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकात कालवलेली ती प्रसिद्ध ट्यूब काउंटरवरून दिलेली. ती लावली की दोन दिवस खाज थांबते, म्हणून ती खपते. पुढं कातडी पातळ पडते आणि गजकर्ण असलं तर ते आतल्या आत पसरतं, हे दुकानदाराला ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. एका मावशींनी नवऱ्या मुलाला फोडांवर चुना लावलेला, तिथं कातडी भाजून निघालेली. लग्न दोन दिवसांवर.

पोर्चमध्ये बाजेवर बसलेले तात्या मला ऐकवत होते, "मी हितंच उघड्यावर झोपतो, साहेब. मला एक डास चावंना. ह्या एसीतल्या लोकांचं रक्तच पातळ झालंय." सासूबाईंचं निदान वेगळं होतं. सुनेला इकडचं पाणी मानवत नाही, आणि तिचं बघून बाकीचे खाजवतात.

सून दारात उभी होती, कडेवर चार-पाच वर्षांची मुलगी. मी विचारलं, "वहिनी, कधीपासून?" तिनं उत्तर देण्याऐवजी मोबाईल पुढं केला. रोज सकाळी मुलीची पाठ आणि कंबर, एकाच खिडकीच्या उजेडात, एकाच अंतरावरून. जुन्या फोडांभोवती पेनानं गोल केलेले, म्हणजे नवे कोणते ते कळावं. मी इतकी वर्षं सर्वेक्षणाचे तक्ते बघतोय, असा तक्ता आमच्या लोकांकडून आलेला मला आठवत नाही. ती म्हणाली, "आल्यावर दुसऱ्या रात्रीपासून सुरू झालं. आम्ही वरच्या एसीच्या खोलीत झोपतो. मध्ये रात्रभर लाईट नव्हती तेव्हा सगळे गच्चीवर झोपलो. त्या सकाळी एकही नवीन फोड नव्हता. परत खोलीत झोपलो, परत आले." मी विचारलं, हे डॉक्टरांना सांगितलं का? ती म्हणाली, डॉक्टरांशी हे बोलले. हे म्हणजे तिचे यजमान. त्यांच्याकडं बघितलं तर ते म्हणाले, "एसीच्या बंद खोलीत काय चावणार, साहेब? लिक्विडची मशीन लावलीय, मच्छरदाणी आहे."

वर गेलो. गादीच्या शिवणी उसवल्यागत तपासल्या, पलंगाच्या सांध्यांत खेळायचा पत्ता घालून बघितला. ढेकणाचे काळे ठिपके नाहीत, कात नाही, वास नाही. मच्छरदाणी खरंच चांगली होती. पण जाळीदार कापडाची भोकं डासाच्या मापाची असतात, मिलिमीटरभर किंवा थोडी मोठी. त्याहून बारीक प्राण्याला ती उघडं दार. मग एसीची नळी भिंतीतून बाहेर जाते त्या भोकाकडं बघितलं. भोवती सिमेंट नाही, नुसता कागदाचा बोळा कोंबलेला, आणि कागदाच्या कडेला भिंतीवर राखाडी भुकटी. भुकटी हलत होती.

खिडकी उघडून बाहेर वाकलो. एसीच्या बाहेरच्या डब्यामागं छज्जावर काटक्या, पिसं, वाळलेली विष्ठा. पारव्याचं घरटं. खाली राखणीला असलेल्या भाऊबंदाला हाक मारली. तो अभिमानानं म्हणाला, "ती मंडळी यायच्या आधी म्याच झाडलं की! पिल्लं उडून गेलती." झाडलं म्हणजे काठीनं ढोसलं. अर्धं घरटं खाली पडलं, अर्धं डब्यामागं राहिलं.

म्हणजे प्रकार असा झाला होता. पाखरांच्या रक्तावर जगणारे माइट, म्हणजे गोचिडीच्या जातकुळीतले अगदी बारीक जीव, घरट्यात हजारांनी असतात. पिल्लं उडाली, घरटं मोडलं, आणि त्यांचं अन्न एका दिवसात गेलं. भुकेले माइट सापडेल त्या फटीतून ऊब शोधत निघतात. ह्या बंगल्यात त्यांना एसीचं भोक मिळालं, आणि भोकाच्या खाली पलंगाचं डोकं. माणसावर ते राहत नाहीत, कातडीत बीळ करत नाहीत, नुसत्या माणसाच्या रक्तावर त्यांची वीणही चालत नाही. पण चावतात. म्हणून खरजेचं मलम अंगाला कितीही चोपडलं तरी पुढच्या रात्री भिंतीतून नवी फौज हजर.

मी वहिनींकडून सेलोटेप मागून घेतला, भोकाच्या कडेला दाबला, काचपट्टीवर चिकटवला आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात नेला. तिथल्या मायक्रोस्कोपवर रोज मलेरियाच्या रक्तपट्ट्या बघतात. तंत्रज्ञ कुरकुरला, मग डोळा लावल्यावर सरकेचना. मोठ्यांना आठ पाय, म्हणजे कीटक नव्हेच. काहींचं पोट रिकामं, राखाडी. काहींचं भरलेलं, तांबडं, आणि टेपला चिकटूनही पाय चालूच. बंधपत्रावर आलेले तरुण डॉक्टरही आले. त्यांनी बघितलं आणि पहिलं वाक्य म्हणाले ते, "अरे, मग मलम बंद करा की सगळी." मला ते डॉक्टर आवडले.

त्यांनी दिलं ते साधं होतं. फडक्यात बर्फ गुंडाळून दहा-दहा मिनिटं फोडांवर, दिवसातून दोन-तीनदा कॅलामाइन, मोठ्यांना रात्री सेट्रिझिनची गोळी, मुलीला वजनाप्रमाणे त्याचंच सिरप. नखं कापायची, कारण खाजवून कातडी फुटली की पू होतो. लाली पसरायला लागली किंवा ताप आला तर परत यायचं, आणि कधी काही चावल्यावर ओठ सुजले किंवा श्वास लागला तर घरगुती काही न करता थेट दवाखाना. चुन्यानं भाजलेल्या नवऱ्या मुलाला वेगळं मलम आणि मावशींना वेगळ्या चार गोष्टी. कपडे-चादरी कढत पाण्यातून काढून उन्हात टाका म्हणाले. मेचं ऊन होतं, ते फुकट होतं.

घरट्याचं काम मी उभं राहून करून घेतलं. तोंडाला मास्क, हातात मोजे, आधी साबणाचं पाणी मारून सगळं ओलं करायचं, कारण पारव्याची विष्ठा कोरडी झाडली की तिची धूळ छातीत जाते. मग पिशवीत भरून तोंड बांधून लांब खड्ड्यात पुरायचं. छज्जा, भोक आणि फटींत कीटकनाशक, भोकाला पांढरं सिमेंट, डब्याला जाळी. खोली तेवढे दिवस बंद, कारण काही जातीचे माइट रक्ताशिवाय महिनोन्महिने तग धरतात. पिशवी बांधताना सासूबाई जवळ आल्या, वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "आगं बया, ह्या तर खुडूक कोंबडीखालच्या पिसवा!" आयुष्यभर त्यांनी कोंबड्या बसवलेल्या, खुराड्यात राख टाकलेली. तो प्राणी ग्रॅनाईटच्या घरात येईल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. सुनेकडं बघून त्या काही बोलल्या नाहीत.

मला राहून राहून ते फोटो आठवतात. मुलीच्या पाठीवरचे गोल, तारखेवार. डॉक्टर, मेडिकलवाला, मावशी, ग्रामपंचायत, एवढ्या लोकांनी त्या घरावर उपाय केले, पैसेही गेले. उत्तर मात्र वरच्या मजल्यावर एका मोबाईलमध्ये पडून होतं आणि बाईनं ते दोनदा सांगितलेलंही होतं. एकदा नवऱ्याला, एकदा सासूला.

संध्याकाळी अहवाल भरायला बसलो. डास घनता, घर निर्देशांक, भांडी निर्देशांक, म्हणजे शंभरातल्या किती घरांत आणि किती भांड्यांत अळ्या मिळाल्या ते. 'इतर' असा रकाना नाही. वरिष्ठांना फोन केला. ते म्हणाले, "डासाचं आहे का? नाही ना? मग निरंक लिही." मी निरंक लिहिलं, शेजारच्या रांजणातल्या अळ्यांचे आकडे भरले आणि कागद पाठवला.

लग्न व्यवस्थित झालं. खाज चार-सहा दिवसांत ओसरली आणि गावात बोलबाला झाला तो धुराचा. सरपंचांनी मशीनचा व्हिडिओ स्टेटसला ठेवला, तात्यांनी पोर्चमध्ये बसून येईल त्याला सांगितलं की धूर मारला आणि एका आठवड्यात फरक पडला. परवा शेजारच्या गावाचंही पत्र आलंय, त्यांनाही तसलीच मशीन पाहिजे. सोमवारी तिकडं जायचंय.