बोट शाकारली तरी

१४ जुलै, हर्णै

दिवसभर पाऊस. १ जूनपासून मासेमारी बंद, बोट शाकारलेली, म्हणजे किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवलेली, त्यामुळे दादा पडवीतच जाळं शिवत असतो. शेजारी भाचीचं नववीचं बीजगणित. आज स्थिर पदाखाली रेघ मारायची होती. ८क्ष + २२ मध्ये तिने ८ आणि २२ दोन्हींखाली मारली.

"८ पण बदलत नाही ना, आत्या?"

खरंच आहे की! ८ हा सहगुणक, म्हणजे क्षला गुणणारी संख्या, वगैरे सांगून पाहिलं, पण पटेना. मग दादाचाच हिशेब घेतला. डिझेल, बर्फ, रेशन मिळून एका फेरीला ८ हजार धरू, फेऱ्या क्ष, बोटीच्या कर्जाचा महिन्याचा हप्ता २२ हजार. आता जुलै. क्ष किती?

"शून्य."

"मग ८क्ष?"

"तेपण शून्य." आणि जरा थांबून, "पण २२ राहिले."

जाळ्यातून मान वर न काढता दादा म्हणाला, "बोट शाकारली म्हणून हप्ता थोडाच शाकारला जातो?" मग लगेच, "आणि स्थिर कसला गो? व्याज वाढलं की तोपण वाढतो." वाढू दे. फेऱ्या किती झाल्या यावर तो हलत नाही, एवढंच पाहायचं. पदात क्ष नाही म्हणून ते स्थिर. √२ किंवा π एकटं आलं तरी स्थिर पदच. आणि जागेला काही महत्त्व नाही, ७ − ३क्ष मध्ये ते आधी येतं. चिन्ह मात्र सोबत घ्यायचं, ३क्ष − ७ मध्ये −७.

पुढच्या गणिताने मीच फसले. (क्ष + २)(क्ष + ३) − ६. मी बेधडक −६ म्हटलं. भाचीने क्षच्या जागी शून्य ठेवलं, २ × ३ − ६, शून्य! कंस सोडवून पाहिला, क्ष वर्ग + ५क्ष. स्थिर पद उरलंच नाही. कंसांच्या पोटात दडलेला ६ मला दिसलाच नव्हता. दादा हसला, त्याला काय कळलं देव जाणे.

मग कोटी, म्हणजे क्षचा सर्वांत मोठा घातांक. नुसत्या २२ मध्ये क्षच नाही, म्हणून त्याची कोटी शून्य, हे तिने पटकन मान्य केलं. पण नुसत्या शून्याची कोटी ठरवता येत नाही, यावर अडली. शून्याला क्षने गुणा, क्ष वर्गाने गुणा, शून्यच येणार, मग कोटी कुठली म्हणायची, असं सांगत होते तेवढ्यात लाईट गेली.