चार तारा उरल्या तेव्हा

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असं पत्र आलं आणि मला आठवले ते फक्त संगीताचे सर. मैदान, निकाल, मुख्याध्यापक यांवर बाकीचे लिहितीलच. मी १९८८च्या दहावीचा, गणितात काठावर पास. आता सांगायला हरकत नाही.

नववीच्या गॅदरिंगला आम्ही चौघांनी ‘बँड’ काढला होता. बोंगो एक, गाणारे दोन आणि माझी कोलकात्याहून आलेली साधी लाकडी गिटार. सूर जुळवायचा ट्यूनर कुठला? सरांच्या पेटीवरच लावायची. जाड तार पांढरी तीनवर, म्हणजे सप्तकातल्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीवर, मग सहा, दोन, पाच, सात आणि शेवटची बारीक तार पुन्हा तीनवर. सरांची पेटी किंचित उतरलेली होती. आमच्या टेपरेकॉर्डरचे सेलही नेहमी उतरलेले, त्यामुळे कॅसेटशी सूर बरोबर जुळायचा!

त्या संध्याकाळी पडद्यामागे शेवटचं पिळताना बारीक तार तुटली. घाबरून दुसरी जास्त आवळली, तीही गेली. सुटी तार नागपूरच्या बर्डीवर, बाजारात मिळायची, पण तेव्हा सात वाजले होते. मी रडायला लागलो. सर पेटीचा भाता बंद करून आले.

“काऊन रडून राहिला बे? चार तारा आहे ना अजून?”

“सर, कॉर्ड कशी धरू?”

“नको धरू. डग्गा समज. गाणं त्यायले म्हणू दे, तू खालून एकेक सूर दे. अन् घाई नको करू.”

मी दिले. टाळ्या बऱ्या पडल्या, बोंगोला जास्त. पुढे कॉलेजच्या होस्टेलवर पहिल्यांदा खरा बेस, म्हणजे खालचे सूर देणारी चार तारांची गिटार, हातात आला तेव्हा कळलं, उरलेल्या माझ्या चार तारा म्हणजे बेसचंच ट्यूनिंग, फक्त एक सप्तक वर. सरांनी बेस कधी पाहिला नसावा. पण खर्ज म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होतं.

खरं तर आमच्या पिढीने रॉकमधला बेस धड ऐकलाच नाही. बेसच्या सर्वांत जाड तारेचा सूर साधारण ४१ हर्ट्झचा, आणि आमच्या टेपचा स्पीकर तळहाताएवढा; इतका खालचा सूर त्यातून धड निघायचाच नाही. अंदाजानेच वाजवायचो. पेन्सिलीने कॅसेट मागे फिरवून एकाच ओळीवर अख्खा रविवार जायचा.

माझी मुलगी सोळाची. यूट्यूबवर तीच ओळ निम्म्या वेगाने ऐकते, सूर जराही न उतरता. बेसवादक जेम्स जेमर्सन एकाच बोटाने वाजवायचा, हे मला तिने सांगितलं. स्वतःच्या आईच्या बँडमध्ये ड्रमर नव्हता म्हणून लॅरी ग्रॅहम या बेसवादकाने अंगठ्याने तार ठोकायला सुरुवात केली, हेही तिनेच. (हे ऐकून सर हसले असते. डग्गाच तो!) गिटार बनवणाऱ्या लिओ फेंडरने १९५१ साली पडदे (गळ्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) असलेला बेस बाजारात आणला, तोवर बहुतेक बँडमध्ये माणसाएवढा उभा डबल बेस असे. पुढे बेसवादक जॅको पास्टोरियसने पडदेच नसलेला बेस गाजवला. १९७८मध्ये व्हॅन हेलन या रॉक बँडचा पहिला अल्बम आला आणि गिटारवाल्यांचे दोन्ही हात गिटारच्या गळ्यावर नाचू लागले. आता हिच्या मित्रांच्या गिटारला सात तारा, हिच्या बेसला पाच. बोटं अशी पळतात की माझा चहा निवतो.

पण चार आवर्तनं एकाच सुरावर राहा म्हटलं, तर तिसऱ्यालाच चुळबुळ. मी तसं बोललो, तर म्हणाली, “बाबा, तुम्ही अजून त्या चार तारांतच अडकलात.” असेनही. बँकेतून निवृत्त व्हायला फार वर्षं उरली नाहीत. पन्नाशी ओलांडलेले आम्ही चौघं दर शनिवारी धरमपेठेत एकाच्या गच्चीवर वाजवतो आणि तिथे मी खालूनच धरतो.

मागच्या वर्षी शाळेत डोकावलो. संगीताच्या खोलीत संगणक लागलेत. सतरंजी नाही, भिंतीवरचा तानपुरा नाही. पेटीचं विचारलं तर शिपाई म्हणाला, वरच्या कपाटात असेल. सर जाऊन बरीच वर्षं झाली, त्यांच्या घरी मी वेळेवर गेलो नाही.

सुवर्णमहोत्सवाला आमच्या बँडला पंधरा मिनिटं मिळाली आहेत. संयोजकांना एकच विनंती, ती पेटी खाली काढून ठेवा. ट्यूनर सगळ्यांच्या फोनमध्ये आहेत, पण त्या दिवशी आम्ही तिच्याच पांढऱ्या तीनवर लावू. उतरलेली असली तरी.