सीट बसली? आधी ती उलटी करा
जुन्या गाडीची ड्रायव्हर सीट बसली की ठाण्यात बहुतेक जण थेट नवं कव्हर चढवतात. पैसे वाया! चार बोल्ट सोडून सीट उलटी करा. पावसाळ्यात ओल धरून स्प्रिंग गंजते, तुटते आणि तिचं टोक फोम खालून कुरतडतं. पिवळा भुगा सांडलेला दिसतोच. स्प्रिंग बदला, वर जाड कॅनव्हास टाका. गोणपाट नको, ते पाणी धरतं.

फक्त दाराकडची कड खचली असेल तर तेवढीच कापून 40 डेन्सिटीचा (घनमीटरला 40 किलो) पीयू, म्हणजे पॉलीयुरेथेन फोम जोडा. सोल्यूशन, म्हणजे फोम चिकटवायचा गोंद, दोन्ही बाजूंना लावून बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबा, दमट हवेत जरा जास्तच. घाई केली की जोड सुटतो. 32चा फोम दुकानात मऊ लागतो, पण लवकर दबतो. कव्हर सीटला अडकवणाऱ्या जुन्या तारेच्या रिंगा पुन्हा वापरू नका.