माकडटोपी ज्याच्याकडे, सीन त्याच्याकडे

संक्रांत झाली की आमच्या कॉलेजात दोन गोष्टींची गडबड एकदमच सुरू व्हायची. एकीकडे फिरोदियाच्या, पुण्यातल्या त्या आंतरमहाविद्यालयीन कला स्पर्धेच्या, तालमी, म्हणजे वरच्या हॉलमधून ढोलकीचा आवाज, कुणीतरी एकच वाक्य वीस वेळा वेगवेगळ्या पट्टीत म्हणतंय, आणि दुसरीकडे जिन्याखालच्या खोलीत आमचं दहा-बारा जणांचं टोळकं एक्स्टेन्शन बोर्ड मोजत बसलेलं. आम्ही म्हणजे गेम बनवणाऱ्यांचं मंडळ. जानेवारीच्या शेवटाला ग्लोबल गेम जॅम असायचा आणि पुण्यातलं आमचं कॉलेज ही त्याची एक साइट होती. मी २०१५ ते २०१८ अशी चार वर्षं त्यात होते, आणि आज मागे वळून बघताना मला त्या ४८ तासांपेक्षा त्याच्या आधीचे दहा-पंधरा दिवसच जास्त आठवतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, तेव्हा शुक्रवारी संध्याकाळी ५ वाजता विषय सांगायचे आणि रविवारी दुपारपर्यंत त्या विषयावर खेळता येईल असा गेम बनवून अपलोड करायचा, सोर्स कोडसकट. २००९ साली पहिला जॅम झाला तेव्हा २३ देशांत ५३ ठिकाणी झालेला. आणि ५ वाजता म्हणजे ज्याच्या त्याच्या घड्याळात ५, त्यामुळे न्यूझीलंडच्या पोरांना विषय सगळ्यात आधी कळायचा आणि हवाईवाल्यांना सगळ्यात शेवटी, आणि तोपर्यंत कुणी बाहेर बोलायचं नाही असा संकेत होता. हजारो पोरं जवळजवळ एक दिवस एक गुपित पोटात ठेवून बसलीयेत ही कल्पनाच मला पहिल्या वर्षी इतकी आवडली की मी त्यासाठीच नाव दिलं, गेम बनवता येत नव्हता तरी.

दर वर्षी नवीन आलेली पोरं हमखास विचारायची, विषयच माहीत नाही तर तयारी कसली करायची? आमचा सीनियर दादा, ज्याने हे सगळं कॉलेजात सुरू केलं, तो म्हणायचा गेम सोडून बाकी सगळ्याची. तेव्हा मला ते उडवाउडवीचं उत्तर वाटलेलं पण चार वर्षांत ते शब्दशः खरं निघालं.

सुरुवात विजेपासून. २०१५ ला रात्री अकराच्या सुमाराला कुणीतरी चहासाठी इलेक्ट्रिक किटली लावली आणि अख्ख्या हॉलचा एमसीबी पडला, डेस्कटॉप घेऊन आलेल्या दोघांचं तासाभराचं काम गेलं. सोमवारी २६ जानेवारी होती, झेंडावंदनाला आम्ही सगळे लाल डोळ्यांनी उभे होतो आणि झाल्यावर कॉलेजच्या वायरमनकाकांनी आम्हाला बाजूला घेऊन शांतपणे गणित समजावलं. लॅपटॉपचा चार्जर साधारण ६५ वॉटचा, किटली १५०० वॉटची, म्हणजे बावीस-तेवीस लॅपटॉप मिळून जेवढं खेचतात तेवढं ही एकटी खेचते, आणि भिंतीतलं साधं सॉकेट ६ अँपिअरचं, त्यावर १४०० वॉटच्या आतच राहायला पाहिजे. इंजिनिअरिंगच्या पोरांना हे वायरमनकाकांनी सांगावं लागलं पण त्यांच्या बोलण्यात टोमणा अजिबात नव्हता. पुढच्या वर्षीपासून ते स्वतः जॅमच्या आधीच्या बुधवारी यायचे, कुठला बोर्ड कुठल्या फेजवर आहे ते खडूने भिंतीवर लिहून जायचे. चहा टपरीवरून थर्मासमधून यायला लागला तो तेव्हापासून.

सतरंज्या आणायच्या त्या माझ्या घराजवळच्या गणेशोत्सव मंडळातून. गणपतीनंतर त्या माळ्यावर बांधून ठेवलेल्या असायच्या, झटकल्या की अजून धूप-कापराचा वास यायचा. मंडळाचे कार्यकर्ते एक पैसा घ्यायचे नाहीत, फक्त परत देताना उन्हात घालून द्या एवढंच.

आणि परवानगीची पत्रं. पहिल्या वर्षी मुलींना रात्री थांबता आलं नाही, आठ वाजता बॅग भरून घरी आणि सकाळी साडेसातला परत, आणि रात्रीत मुलांनी सगळा गेमच बदलून ठेवलेला असायचा. ते फार लागायचं. मी काढलेली चित्रं सकाळी बघते तर गेममध्येच नाहीत, कारण रात्री दोन वाजता ठरलं की आता गेम दुसराच करायचा. त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता पण जे ठरतं ते रात्री दोनला ठरतं आणि आम्ही तिथे नसायचो. म्हणून २०१६ ला आम्ही सात जणी डिसेंबरपासूनच मागे लागलो, प्रत्येकीच्या घरून पत्र आणि रात्री थांबायला एक मॅडम असं ठरलं. माझ्या आईने वहीच्या पानावर लिहिलेलं, ‘माझी मुलगी दोन रात्री कॉलेजमध्ये थांबेल, माझी हरकत नाही. सोबत थर्मास पाठवत आहे, तो परत आणावा.’ त्या पत्राची झेरॉक्स मी अजून जपून ठेवलीये.

ज्या मॅडम थांबल्या त्यांनी आयुष्यात गेम खेळलेला नव्हता. रात्रभर जर्नलं तपासत बसल्या आणि आम्ही एकेक करून लॅपटॉप त्यांच्यापुढे नेऊन ठेवायचो. त्या माऊस धरून विचारायच्या, ‘आता मी काय करायचं?’ बस, तो एक प्रश्न. त्यांना विचारावं लागलं याचा अर्थ गेम सांगत नाहीये. प्लेटेस्टिंगवर, म्हणजे दुसऱ्याला खेळायला देऊन गेम तपासण्यावर, मी नंतर बरंच काय काय वाचलं पण एवढ्या स्वच्छपणे ते मला कुणीच शिकवलं नाही.

खरी तयारी मात्र डब्याची. संक्रांतीचा तिळगूळ संपला की स्टीलचा एक डबा मोकळा व्हायचा, त्यात प्रत्येकाने दोन चिठ्ठ्या टाकायच्या, एकेक शब्द लिहून. जॅमच्या आधीच्या शनिवारी दुपारी चिठ्ठी काढायची आणि तीन तासांत त्या शब्दावर काहीतरी हलणारं, दाबता येणारं, हरता येणारं करून दाखवायचं. ‘पातेलं’ निघालेलं एकदा. ‘शेजारी’ निघालेलं, ‘उशीर’ निघालेलं. चिठ्ठ्यांना तिळाचे दाणे आणि गुळाचा चिकटपणा लागलेला असायचा, उलगडताना कागद फाटायचा. पातेल्याचा गेम काय होता तर दूध उतू जायच्या आत गॅस बंद करायचा, एवढंच, एक बटण, आणि आम्ही सगळे तासभर तो खेळत होतो. नवीन पोरांच्या डोक्यात नेहमी मोठ्ठं जग असायचं, पाच लेव्हल, तीन हिरो, ऑनलाइन खेळता आलं पाहिजे, आणि तीन तासांनी हातात काहीच नसायचं. रागवावं लागायचं नाही. तीन तास संपले की त्यांचं त्यांनाच दिसायचं आणि पुढच्या शुक्रवारी तेच पोर म्हणायचं, आपण आधी एक बटण करूया.

माकडटोपीचं आता सांगते. आम्ही युनिटी वापरायचो, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, आणि त्यात दोघांनी एकाच वेळी एकच सीन, म्हणजे गेमच्या एका पडद्याची फाइल, उघडून बदल केले की गिटमध्ये, जिथे सगळ्यांचं काम एकत्र ठेवतात, ते बदल मर्ज करताना, म्हणजे एकमेकांत जोडताना, जे काय होतं ते ज्यांनी भोगलंय त्यांनाच माहीत, ती फाइल माणसाने वाचायची नसतेच, आणि पहाटे चार वाजता ती वाचत बसायची वेळ आली की मैत्री तुटायची पाळी येते. पहिल्या वर्षी आमच्या ग्रुपवर ती आलीच होती. दुसऱ्या वर्षी आमच्यातल्या एकाने, जो फार कमी बोलायचा, त्याने डोक्यावरची माकडटोपी काढून टेबलावर ठेवली, चॉकलेटी लोकरीची, आजीने विणलेली, एका कानाकडची शिवण उसवलेली, आणि म्हणाला आजपासून ही ज्याच्या डोक्यावर तोच मुख्य सीनला हात लावणार. काम झालं, पुश केलं, म्हणजे आपले बदल सगळ्यांसाठी वर चढवले, की टोपी काढून मोठ्याने विचारायचं, कुणाला पाहिजे? बस. एकही भांडण नाही त्यानंतर. जानेवारीतल्या पुण्याच्या थंडीत पहाटे सगळ्यांनाच ती टोपी हवी असायची तो भाग वेगळा. नंतर नंतर चिठ्ठ्या काढायच्या त्या तालमीच्या शनिवारीसुद्धा टोपी आणायचो, सवय व्हावी म्हणून. कोड लिहायला कुठेही शिकता येतं हो, पण ‘झालं माझं, तू घे’ असं म्हणायची सवय आम्हाला त्या टोपीने लावली.

सॉफ्टवेअरची तयारी म्हणजे मुख्यतः पेनड्राइव्ह. कॉलेजचं नेट अशक्य स्लो, त्यामुळे आठवडाभर आधी एकाने घरून सगळं उतरवून आणायचं आणि सगळ्यांनी तेच आणि तेवढंच व्हर्जन टाकायचं. २०१५ ला युनिटीचं ४.६ होतं, त्यात स्क्रीनवरची बटणं-मेनू करायचं नवीन यूआय नुकतंच आलेलं. सोबत आवाज बनवायला बीएफएक्सआर, कापायला ऑडासिटी, चित्रांना क्रिटा. नवीन व्हर्जनचा मोह शेवटच्या आठवड्यात कुणी करायचा नाही हा दादाचा नियम आणि तो मी आज नोकरीतसुद्धा पाळते.

२०१६ चा विषय ‘रिच्युअल’ होता. आम्ही समईचा गेम केला. अंधार, मधे एक ज्योत, चारी बाजूंनी वारा येतोय आणि माऊस म्हणजे तुमचा हात, तो ज्योतीभोवती धरायचा, पण फार जवळ नेला तर भाजतं. वाऱ्याचा आवाज इअरफोनच्या माइकवर फुंकर मारून रेकॉर्ड केलेला, आणि मागे जे गुणगुणणं होतं ते फिरोदियाच्या ग्रुपमधल्या एका मुलीचं, रात्री साडेअकराला तालीम संपवून ती खाली आली आणि एका टेकमध्ये देऊन गेली. मला आजही तो आमचा सगळ्यात सुंदर गेम वाटतो. आणि रविवारी तो प्रोजेक्टरवर लावला तर सुरू करायचं बटणच पडद्याबाहेर! प्रोजेक्टर जुना, १०२४ बाय ७६८ चा, आमचे लॅपटॉप सगळे रुंद स्क्रीनचे आणि कॅनव्हास स्केलर, म्हणजे पडद्याच्या मापाप्रमाणे बटणं बसवणारं सेटिंग, कुणी बघितलाच नव्हता. मी रडकुंडीला आलेले. मग सगळ्यांनी खुर्च्या सोडल्या आणि आमच्या पंधरा इंची लॅपटॉपभोवती दाटीवाटीने बसले, मागचे बाकावर उभे राहिले, हॉलचे दिवे घालवले, आणि चाळीस-पन्नास जण एका छोट्या ज्योतीकडे बघतायत. वायरमनकाका पण होते. पुढच्या वर्षीपासून जॅमच्या आदल्या दिवशीच्या, गुरुवारच्या कामांच्या यादीत पहिलंच, प्रोजेक्टरवर रिकामा प्रोजेक्ट लावून बघणे.

२०१७ ला ‘वेव्हज’. त्या वर्षी आमचा गेम काही खास जमला नाही, पण आमच्या हातातून घडलेली फर्स्ट इयरची पोरं आमच्यापेक्षा भारी करून गेली आणि त्याचा आनंद जास्त होता.

२०१८ ला २६ जानेवारी शुक्रवारीच आली. सकाळी झेंडावंदन, जिलेबी, आणि कुणी घरी गेलंच नाही, तसेच हॉलमध्ये सतरंज्या पसरायला. माझं शेवटचं वर्ष. विषय निघाला ‘ट्रान्समिशन’ आणि आख्खं जग रेडिओ आणि सिग्नलचा विचार करत असेल तेव्हा आमच्या मेकॅनिकलवाल्याला पहिल्यांदा गिअरबॉक्स दिसला. म्हणून आमचा गेम लाल एसटीचा, घाट चढायचा, गिअर कधी बदलायचा हे फक्त इंजिनाच्या आवाजावरून ओळखायचं, स्क्रीनवर आकडा नाही. शनिवारी सकाळी आम्ही दोघी स्वारगेटवरून सासवडकडे जाणाऱ्या गाडीत बसलो, ड्रायव्हरच्या अगदी मागच्या सीटवर, आणि दिवे घाट चढताना मोबाइल खाली धरून अख्खा घाट रेकॉर्ड केला. कंडक्टरने विचारलं काय करताय, सांगितलं, तर त्यांनी ड्रायव्हरकाकांना ओरडून सांगितलं, ‘ओ, आवाज घेतायत तुमच्या गाडीचा!’ आणि पुढच्या वळणाला काकांनी असा काही दुसरा टाकला की बस. तो आवाज गेममध्ये तसाच आहे, मागे कुणाच्या तरी कोंबडीसकट.

मग सगळे पांगलो, कुणी बंगळूरला, एक जण जर्मनीत, मी इथेच. २०२१ ला जॅम पहिल्यांदाच पूर्ण ऑनलाइन होता, विषय ‘लॉस्ट अँड फाउंड’, आणि आम्ही पाच जणांनी ठरवलं की करायचाच. आधीच्या शनिवारी व्हिडिओ कॉलवर चिठ्ठ्या काढल्या, डबा आईच्या हातात, तिने डोळे मिटून काढली. सतरंज्या नाहीत, टपरी नाही, पण व्हॉट्सॲपवर दर थोड्या वेळाने मेसेज पडायचा, ‘टोपी माझ्याकडे’. मग तासाभराने, ‘टोपी सोडली, कुणाला?’ जर्मनीवाला साडेचार तास मागे, त्यामुळे आम्ही झोपायला जाताना टोपी त्याच्याकडे जायची आणि सकाळी उठल्यावर परत आलेली असायची.

खरी टोपी कॉलेजातच आहे. मागच्या जानेवारीत ज्युनिअर्सनी तालमीच्या शनिवारी बोलावलं म्हणून गेलेले, तर जिन्याखालच्या खोलीत एक्स्टेन्शन बोर्डांच्या खोक्यात सगळ्यात वर ती, धुतलेली, आणि उसवलेली शिवण कुणीतरी हिरव्या लोकरीने शिवलेली. मी विचारलं कुणी शिवली तर कुणालाच माहीत नव्हतं. भिंतीवर खडूने फेजचे आकडे लिहिलेले होते, अक्षर वायरमनकाकांचं नव्हतं, ते रिटायर झालेत. एक मुलगी डबा घेऊन आली आणि म्हणाली ताई, तुम्ही पण दोन टाका.