फी माफ आहे, मग अडतं कुठे?

‘आता तर फी माफ असते. शिष्यवृत्त्या आहेत, मुलींना तर सगळंच फुकट. मग ही मुलं कॉलेज सोडतात कशी?’ मी मुंबईच्या उपनगरातल्या एका अनुदानित कॉलेजात कॉमर्स शिकवते आणि दर जूनमध्ये प्रवेशाच्या टेबलावर बसते, हे कळलं की लोक हटकून हे विचारतात. लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या मीटिंगनंतर, लोकलमध्ये शेजारी बसलेल्या बाईसुद्धा. विचारण्याच्या सुरावरूनच कळतं की त्यांनी मनाशी उत्तर ठरवलेलं आहे: शिकायचंच नसतं त्यांना. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर सांगते.

माफी खरी आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्क योजना वर्षाला 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना लागू होते. 2024 च्या जुलैमध्ये शासन निर्णय निघाला आणि आर्थिक दुर्बल, ओबीसी आणि एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) गटांतल्या, त्याच उत्पन्न मर्यादेतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. सरकार काहीच करत नाही असं म्हणणाऱ्यांशी मी भांडते. पण माफी शिक्षण शुल्काची आणि परीक्षा शुल्काची. लोकलचा पास, झेरॉक्स, पुस्तकं, लॅपटॉप, डिपॉझिट हे ज्याचं त्यानं बघायचं. आणि हे सगळं जूनमध्ये लागतं. शिष्यवृत्तीचा हप्ता त्यानंतर केव्हा तरी येतो. फॉर्म भरा, कॉलेजकडून पुढे जाऊ द्या, वर मंजुरी होऊ द्या, मग पैसे. मधले महिने ज्याच्या घरी शिल्लक आहे तो सहज काढतो. ज्याच्या घरी नाही, त्याला बचत गटाकडून किंवा बापाच्या मुकादमाकडून उचल घ्यावी लागते. पैसे शेवटी येतात, बऱ्याचदा पूर्ण येतात, पण तोवर मुलगा कुठेतरी कामाला लागलेला असतो.

गेल्या वर्षी एक मुलगा स्टाफरूमच्या दारात येऊन उभा राहिला. ‘मॅम, शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर क्रेडिटेड दिसतंय, पण खात्यात काहीच नाहीये.’ पासबुक छापून आणलं होतं, शेवटची नोंद 42 रुपयांची. शोधता शोधता कळलं की त्याचं आधार जोडलेलं होतं बुलढाण्याकडच्या गावातल्या एका खात्याला. तो लहान असताना आजीनं त्याच्या नावानं उघडलं होतं. आधारवर आधारलेला पैसा आधार जिथे जोडलंय तिथे जातो, फॉर्मवर तुम्ही कुठला खाते क्रमांक लिहिला होता हे तो विचारत नाही. गावच्या खात्याला लागलेला मोबाइल नंबर कधीच बंद झालेला, केवायसी संपलेली. म्हणजे स्वतः त्या शाखेत जाणं आलं. पोरगा संध्याकाळी एका मॉलमध्ये बिलिंग काउंटरला होता. सुट्टी घेतली की पगार कापला जायचा, शिवाय एसटीचं भाडं. तो दिवाळीत गेला, तर बँकेला सुट्ट्या. पुन्हा गेला. आपल्याकडे ओटीपी आला नाही तर आपण चिडतो, एवढंच.

उत्पन्नाच्या दाखल्याचं वेगळंच. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची उत्पन्न मर्यादा वर्षाला 2.5 लाख आहे, महिन्याला जेमतेम 21 हजारही नाहीत. बाप बारा तासांची वॉचमनची ड्युटी करतो आणि आई तीन घरच्या पोळ्या करते, एवढ्यानंही हे घर मर्यादेच्या वर जातं. वर गेलं की फ्रीशिप मिळते, फी माफ होते, पण निर्वाह भत्ता जातो. मर्यादा गडचिरोलीला तीच आणि मुंबईलाही तीच. इथे 21 हजारांतून आधी खोलीचं भाडं वजा करायचं असतं, हे दाखल्यावर कुठे लिहिणार?

खरी दरी मात्र आमच्याच इमारतीत आहे. एकाच गेटातून आत या. पहिल्या मजल्यावर साधं बीकॉम. शिक्षकांचा पगार सरकार देतं, म्हणून फी काही हजारांत. वरच्या मजल्यावर बीएमएस (मॅनेजमेंट), बीएएफ (अकाउंटिंग-फायनान्स) वगैरे सेल्फ फायनान्सचे, म्हणजे विनाअनुदानित कोर्स. तिथे पगारापासून एसीच्या बिलापर्यंत सगळं मुलांच्या फीमधून निघतं, म्हणून फी कित्येक पट. (2024 मध्ये बीएमएस एआयसीटीई या केंद्रीय नियामक संस्थेच्या आणि सीईटी या प्रवेश परीक्षेच्या कक्षेत आलं, तेव्हा ते टाळायला कित्येक कॉलेजांनी कोर्सचं नावच बदलून घेतलं. त्या उन्हाळ्यात पालकांना समजावता समजावता आमचा घसा बसला.) वर्ग लहान, प्रेझेंटेशनं, इंडस्ट्रियल व्हिजिट, कंपन्या आल्या की आधी वरच्या मजल्यावर. बारावीला सारखेच टक्के मिळालेल्या दोन मुली माझ्यासमोर बसतात. एक फीचा तक्ता उलटा धरून बाबांशी गप्पा मारते. दुसरी बोट ठेवून प्रत्येक ओळ वाचते, मग म्हणते, ‘मॅम, बीकॉमच बरं ना?’ पुढे तिला कुणी विचारलं तर ती म्हणेल, मला बीकॉमच करायचं होतं.

प्रवेश झाला की हजेरी. 75 टक्क्यांचा नियम आहे आणि शिक्षक म्हणून मला तो मान्यही आहे. पण हजेरी कमी पडलेल्यांची डिफॉल्टर लिस्ट लागते तेव्हा तिच्यातली नावं मला आधीच माहीत असतात. डिलिव्हरीवाले, मॉलवाले, लहान भावंडांना शाळेत सोडून येणाऱ्या मुली. मग पालकांना बोलावून हमीपत्रावर सही घ्यायची. बाप रोजंदारीवर असला तर त्या सहीला त्याचा एक खाडा पडतो. बाबासाहेबांना हे 1946 मध्ये कळलं होतं. सिद्धार्थ कॉलेज काढलं तेव्हा नोकरी करणाऱ्यांना जमावं म्हणून वर्ग सकाळी लवकर ठेवले. स्वतः परळच्या चाळीत राहून एल्फिन्स्टनमधून 1912 मध्ये बीए झाले, तेही बडोद्याचे महाराज सयाजीराव यांच्याकडून दरमहा 25 रुपये हातात पडत होते म्हणून. दरमहा, हे लक्षात घ्या. मुंबई विद्यापीठाचं दूरशिक्षण 1971 पासून आहे, तोही मार्ग आहे. पण 18 वर्षांच्या मुलाला कामावरून आल्यावर दहा बाय दहाच्या खोलीत, टीव्ही चालू असताना, एकट्यानं पुस्तक उघडायला सांगणं सोपं नाही.

वरळीची अभ्यास गल्ली तुम्ही ऐकली असेल. बीडीडी चाळींतली पोरं तिथे रात्री रस्त्याच्या दिव्याखाली अभ्यास करत आली. त्यांच्यातून किती मोठी माणसं घडली, हे सांगताना लोकांचे डोळे भरून येतात. माझे येत नाहीत. शहरात एवढे मोठाले हॉल रात्री कुलूपबंद असतात आणि पोरं फुटपाथवर बसतात, यात मला कौतुकापेक्षा संतापच जास्त वाटतो.

आता नव्या शैक्षणिक धोरणात ऑन जॉब ट्रेनिंगचे, म्हणजे एखाद्या ठिकाणी प्रत्यक्ष काम करून शिकण्याचे क्रेडिट आलेत. कल्पना चांगली आहे. पण ट्रेनिंग बहुतेक बिनपगारी आणि वांद्रे-कुर्ला संकुलात (बीकेसी) किंवा लोअर परळला. वरच्या मजल्यावरच्या मुलाला काकांची ओळख असते. खालचा विचारतो, ‘मॅम, मी मॉलमध्ये काम करतोच की, ते नाही का चालणार?’ याचं उत्तर देताना मला नियमांचं पुस्तक उघडावं लागतं. एका वर्षानंतर सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडायची सोयही आहे. ती कोण वापरणार, याचा अंदाज तुम्हीच बांधा.

यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मग आम्ही काय करू? आमच्या स्टाफरूममध्ये आम्ही काही जणांनी एक फिरता निधी सुरू केलाय. जूनमध्ये मुलाला चार-पाच हजार द्यायचे, शिष्यवृत्ती आली की त्यानं परत करायचे. व्याज नाही, जामीन नाही, एका वहीत नाव आणि रक्कम. बहुतेक जण परत करतात, काही करत नाहीत, वही तरी चालू आहे. देणगीदारांना मात्र डिसेंबरातल्या बक्षीस समारंभात स्टेजवर चेक द्यायला आवडतं, शाल, नारळ, फोटो. तोवर सोडून जाणारे गेलेले असतात. द्यायचेच असतील तर जूनच्या पहिल्या आठवड्यात द्या. पावती लगेच देऊ, शाल मिळणार नाही.